सीडी जिथे अडकायची

कोल्हार
१४ मे २०२५

माऊ,

तुला पत्र लिहायचंच नाही असं मी ठरवलं होतं. मग ठरवलं, लिहायचं तर नुसत्या शिव्या लिहायच्या. पण तुमच्या बालगृहातल्या मॅडम मुलींची पत्रं आधी उघडून वाचतात असं झेरॉक्सवाली मलिका म्हणाली, म्हणून शिव्या भेटल्यावर देईन. बऱ्याच साठल्यात.

सख्ख्या बहिणीने १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला, फोन लावला, दारात जीप आली, बाई पोलीस आल्या, आणि ही बया कपड्यांची पिशवी घेऊन मागे न बघता जीपमध्ये जाऊन बसली, हे मला देवळालीत माझ्या सासरी कळलं कुणाकडून? शेजारणीकडून! माझ्या हातात लाटणं होतं. ती म्हणाली, "अश्विनी, तुझी बहीन पेपरात येनार म्हनं." सासूबाईंनी त्या दिवशी मला जेव म्हणून म्हटलं नाही. ते जाऊ दे.

साखरपुडाच होता फक्त, त्याला काय एवढं घाबरायचं, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. माझाही साखरपुडाच होता. पंगतीत बसायच्या आधी आत्या म्हणाली, गुरुजी आलेत, पाहुणे जमलेत, साखरपुड्यातच लग्न उरकून घेऊ, परत खर्च कशाला. सोळा वर्षांची होते मी. जेवायला बसले ती मंगळसूत्र घालूनच. तू नऊ वर्षांची, समोरच्या पंगतीत बसून बुंदी खात होतीस आणि मला हात करत होतीस. त्यामुळे तू का गेलीस ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. मला न सांगता गेलीस, याचा राग आहे.

आता इथलं ऐक. काकांनी मला माहेरी बोलावून घेतलं, "तुज्या आईला सोबत" म्हणून. सोबत कसली! आई दिवसभर बोलत नाही. भाकरी करते, भांडी घासते, ओसरीवर बसते. तुझं नाव निघालं की उठून आत जाते. काकांचा पार्थदादा कुणाच्या नजरेला नजर देत नाही. त्याचं तरी काय चुकलं? एकोणतीस वर्षांचा झाला, शेतकरी म्हणून पोरगी मिळेना, आणि आत्या म्हणते, आधी तुमची ज्ञानेश्वरी माझ्या रविराजला द्या, मगच माझी मुलगी पार्थला देईन. साटंलोटं. काकांचा जीव त्या एका गोष्टीत अडकलाय. बाबा गेल्यावर त्यांनी आपल्याला सांभाळलं हेही खरं आहे, नाकारून चालणार नाही. पण त्यांच्या मुलाच्या लग्नासाठी तुझं लग्न? तेही सतराव्या वर्षी?

खरं तर हे सगळं लिहायला बसलेच नव्हते. मला सांगायचं होतं ते वेगळंच. काल मी आपला पिक्चर पाहिला.

राजेश्वरीला मोबाईलवर कार्टून लावून देत होते, तर समोर आला. तोच! ढोलाच्या होडीत बसून समुद्रात जाणारी इलारा, तिच्या खांद्यावरचा तो रडका खेकडा, बेटावरून चोरीला गेलेला दिवा. मी ओरडलेच. पाच वर्षांची पोर माझ्याकडे बघायला लागली, आईला काय झालं म्हणून. तिला काय माहीत, आपण दोघींनी अंगणातल्या गुळाच्या जुन्या काहिलीत बसून किती समुद्र पालथे घातलेत ते. काहील अजून तिथेच आहे. शेळीला पाणी प्यायला ठेवलीय.

आणि माऊ, मोबाईलवर तो अडकत नाही.

आठवतं ना, आपली सीडी कुठे अडकायची? इलारा धुक्यात शिरते. ते धुकं माणसांचे आवाज चोरणारं. होडी जरा पुढे जाते आणि मागून तिच्या आईचा आवाज येतो, "इलारा, परत ये. इलारा, मी आजारी आहे, परत ये." ती वल्हं उचलते, आणि खर्र्र! चौकोनच चौकोन. आपण सीडी काढून फ्रॉकला पुसायचो, परत घालायचो, तरी तिथेच. मग पुढे ढकललं की एकदम सकाळ, होडी धुक्याच्या बाहेर, इलाराचे डोळे सुजलेले. मधे काय झालं ते आपल्याला कधीच कळलं नाही. ती वळली का नाही? तू म्हणायचीस, तिने कानात कापूस घातला असेल. मी म्हणायचे, वाऱ्याने होडी ओढून नेली असेल. त्यावरून तू माझ्या हाताला चावली होतीस.

कापूस नाही, वारा नाही. ती वळते, माऊ. होडी अर्धी वळवते. आवाज परत म्हणतो, "इलारा." मग ती वल्हं थांबवते आणि खेकड्याला म्हणते, "माझी आई मला इलारा म्हणत नाही." गावाला ती इलारा, शाळेत इलारा, पण आई तिला घरात चिमणीच म्हणते, ते पहिल्या सीनमध्येच आहे, आपण कधी लक्ष दिलं नव्हतं. धुक्याला बाहेरचं नाव ठाऊक, घरातलं नाव कुठून ठाऊक असणार? मग ती होडी सरळ करते आणि रडत रडत वल्हवत राहते. मागून हाका चालूच.

मला इतकं रडू आलं की राजेश्वरीने मोबाईल बंद केला.

एवढंच सांगायचं होतं. आणखी एक. आज आत्या आली होती. काका आणि ती आत दार लावून बोलत होते, मी चहा घेऊन गेले तर गप्प झाले. नऊ जूनला तुला अठरा पूर्ण होतील. मग तुझ्या 'नाही'ला कुणाची सही लागत नाही. तोवर नीट राहा. हे पत्र मलिकाच्या झेरॉक्सच्या दुकानात ठेवतेय, ती पोस्टात टाकेल. तुला ऑफिसच्या फोनवर बोलायचं तर फक्त काकांचाच नंबर नोंदवलेला आहे, आणि तू तो घेत नाहीस. बरं करतेस.

रागावलेली,
ताई


कोल्हार
२१ मे २०२५

चि. ज्ञानेश्वरी हिस,

अश्विनीचे अनेक आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या आईची तब्येत फार बिघडली आहे. दवाखान्यात ठेवले आहे. डॉक्टरांनी सांगितले आहे की, जवळच्या सर्व माणसांना बोलावून घ्या.

आई सारखी तुझी आठवण काढते. ग्लानीत असली तरी "ज्ञानेश्वरी, ज्ञानेश्वरी" अशी तुझ्या नावाने हाक मारते. तुला तर माहीतच आहे, तुझे नाव पवित्र असल्यामुळे आईने ते कधी मोडून घेतले नाही, लहानपणापासून ती तुला पूर्ण नावानेच हाक मारत आली. तेच नाव आता तिच्या तोंडी आहे.

काकांच्या मनात तुझ्याविषयी राग राहिलेला नाही. लग्नाचा विषय पूर्णपणे बंद झाला आहे. तू फक्त मॅडमना सांग की मला दोन दिवस आईला भेटायला जायचे आहे. तुझी इच्छा असेल तरच त्या पाठवतील. काका स्वतः गाडी घेऊन येतील.

लहानपणी आपण ते कार्टून पाहायचो, तुला आठवत असेल. इलारा धुक्यात असताना तिच्या आईने हाक मारली, तेव्हा ती जराही न थांबता होडी वळवून आईकडे परत गेली. आपण दोघींनी तो भाग किती वेळा मन लावून पाहिला आहे. तीही तुझ्यासारखीच हट्टी होती, पण आईच्या हाकेला तिने ओ दिली. तूसुद्धा तशीच वाग.

वेळ दवडू नकोस.

तुझी बहीण,
अश्विनी


अहिल्यानगर, दवाखान्यातून
२७ मे २०२५

माऊ,

शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीकडून कागद मागून घेतलाय. पेन नर्सचं. काका खाली चहाला गेलेत, त्यामुळे अक्षर कसंही आलं तर चालवून घे.

मागच्या पत्रातलं खोटं तू ओळखलंस, हे आता मला कळलंय. पण मधले दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. चौदा तारखेचं पत्र तुला मिळालं होतं का नाही, हे मला कुठे माहीत होतं? मलिकाने टाकलं असेल का, पोस्टात पडून राहिलं असेल का, मॅडमच्या टेबलावर असेल का? दुसरं आधी पोचलं आणि पहिलं नंतर, तर? तू बॅग भरून गेटपाशी उभी आहेस असंच सारखं डोळ्यांसमोर यायचं. आणि तिकडे श्रीगोंद्याला आत्याच्या वस्तीवर हळद भिजवून ठेवलेली. गुरुजीसुद्धा सांगून ठेवलेले. ना पत्रिका, ना मांडव, गाडीतून उतरवायची आणि बोहल्यावर चढवायची.

ते पत्र काकांनी समोर बसून लिहून घेतलं. माझा मोबाईल त्यांच्या खिशात. एक ओळ झाली की बोट ठेवून वाचायचे. कार्टूनचं त्यांनीच सुचवलं, माहितीये? "तुमी दोघी ते काय बगायच्या, त्या होडीचं? ते घाल. पोरगी इरघळंल." मी वरवर नको म्हटलं, तसा त्यांनी हट्टच धरला.

मग म्हणाले, "वयनी तिला लाडानं काय म्हनती गं? ते नाव घाल. आईचं बोलनं वाटाया पायजे."

माऊ, माझ्या हातातलं पेन थांबलं. ओसरीवर आई तांदूळ निवडत होती. तिने ऐकलं. काकांच्या ते नाव लक्षात राहायचं कारणच नव्हतं, सहावीत गेल्यापासून तू आईला चारचौघांत ते घ्यायची बंदी केली होतीस, आणि आईने ती पाळली. मी म्हटलं, "लाडाचं नाव नाही काही. माउलींचं नाव आहे, आई कधी मोडत नाही. पूर्ण ज्ञानेश्वरीच म्हणते." काका आईकडे वळून म्हणाले, "व्हय का वयनी?" आणि आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "व्हय. द्येवाचं नाव मोडू न्हाई."

मला वाटलं, ती घाबरून बोलली. तेव्हा मी तिला तेवढंच समजत होते.

मग तुमच्या मॅडमचा फोन आला, आई दवाखान्यात असल्याचा फोटो पाठवा, त्याशिवाय मुलीला विचारणार नाही. काका म्हणाले, त्यात काय, सलाईन लावून फोटो काढू. आज सकाळी आईला कोल्हारच्या दवाखान्यात नेलं. "अशक्तपना हाय, एक बाटली चढवा," काका डॉक्टरांना म्हणाले. आई मुकाट्याने खाटेवर आडवी झाली, पदर नीट केला, हात पुढे केला. पार्थदादाने फोटो काढला. पहिला पुसट आला, म्हणून दोनदा काढावा लागला.

डॉक्टरांनी नेमाप्रमाणे बीपी पाहिलं. मग परत पाहिलं. मग छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि काकांना म्हणाले, अशक्तपणा कसला, यांना आत्ताच्या आत्ता नगरला न्या. काका हसले. "डॉक्टर लोक लई घाबरावत्यात." फोटो त्यांनी आधी पाठवला. मग पार्थदादाच्या गाडीत मला आणि आईला इकडे पाठवून दिलं आणि स्वतः दुसरी गाडी करून तुला आणायला गेले. आईच्या छातीत तेव्हा दुखत होतं. कधीपासून दुखतंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, जीप गेली त्या दिसापासनं.

म्हणजे मी तुला लिहिलेलं खोटं मी लिहीत असतानाच खरं होत होतं. आणि काका गेटवर आले तेव्हा तू यायला नाही म्हणालीस. बरोबर तेच केलंस, माझ्या सांगण्यावरून केलंस, यात तुझा काही दोष नाही, हे आधी वाच आणि मग पुढे वाच.

दुपारी काका इथे आले. घामाने निथळलेले. आईच्या खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले आणि मला म्हणाले, "आश्वे, ती मॅडम काय म्हनली ठावं हाय का? पोरगी म्हनती, आईला माजं नाव म्हाईत न्हाई आसं व्हनार न्हाई. आगं नाव तर बराबर लिव्हलंय! म्या सोता वाचलंय. काय चुकलं त्यात?"

मी आईचं पांघरूण सारखं केलं. काका जवळ आले. "काय चुकलं त्यात, आश्वे?"

नाकात नळी असलेली आई म्हणाली, "काय बी चुकलं न्हाई. नाव बराबर हाय. पोर नादान हाय." आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. नस बंद झालीय, उद्या सकाळी ऑपरेशन करावं लागेल, वय आणि बीपी बघता धोका आहे, सही करा. काका सही करायला वाकले आणि त्यांना सही येईना, माऊ. पेन नुसतं कागदावर टेकवून उभे. मग बाहेर जाऊन भिंतीला टेकून बसले. मला म्हणाले, "आता खरं हाय गं. आता बोलाव तिला. माजी शपत, लगनाचं नाव काडनार न्हाई. लिही काय लिवायचं ते." मी त्यांचा चेहरा पाहिला. मला वाटलं, हा माणूस या घडीला खरं बोलतोय. पण आत्याचा फोन त्यांच्या खिशात वाजतच होता, आणि त्यांनी तो बंद केला नाही.

मला काय वाटत होतं ते सांगते. तू यावंस असं वाटत होतं. आत्ता, या मिनिटाला. मॅडमचा नंबर काकांच्या मोबाईलमध्ये आहेच. फोन लावून एक शब्द म्हटला असता, ते नाव, की तू अनवाणी आली असतीस. उद्या आईचं काही बरंवाईट झालं तर तू मला जन्मभर क्षमा करणार नाहीस, आणि मी स्वतःला करणार नाही.

म्हणून मी आईलाच विचारलं. "बोलावू का तिला? नाव सांगते, लगेच येईल."

आईने नाकातली नळी नीट केली. मग म्हणाली, "त्या शिनेमातली पोरगी, तिचं काय झालं फुडं? तुमी काहिलीत बसून लई वरडायच्या."

मी सांगितलं. धुकं, हाक, नाव, सगळं. ती गेली, दिवा घेऊन आली.

"आन तिची आई?"

"बेटावर होती. वाट बघत."

"पन होडी तर बांदलेली आसंल ना? रातीची. मंग सोडली कुनी?"

माऊ, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही. आईने माझा हात धरला. म्हणाली, "फोन म्याच दिल्ता तिला. माजा. अंगनवाडीच्या भितीवर नंबर लिव्हलाय, त्यो पाठ केल्ता. त्या दिशी न्हाणीत तिला कोंडून म्या भाईर धुनं बडवत बसले, आवाज जाऊ न्हाई म्हनून."

तू मला हे सांगितलं नाहीस. इतके दिवस मी तुझ्यावर रागावत होते, मला न सांगता गेलीस म्हणून. तू आईला वाचवायला गप्प राहिलीस, हे आता कळतंय. काकांना कळलं असतं तर तिची काय गत झाली असती!

पण मला त्या क्षणी तू आठवली नाहीस. मला मी आठवले. सोळा वर्षांची, पंगतीत. माझ्यासाठी कुणी धुणं बडवत बसलं नाही. हे मी आईला बोलून दाखवणार नव्हते, उद्या तिचं ऑपरेशन आहे. पण माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिने हात आणखी घट्ट धरला आणि म्हणाली, "तुज्या टायमाला माज्याकडं फोन नव्हता गं. नंबर बी ठावं नव्हता. पोरगी शिकली तवा भितीवरचं वाचाया शिकले मी. तिच्याच पाटीवर. तुला उशीर झाला."

मी खूप रडले. नर्स ओरडली.

काका जिन्यावर आहेत. लवकर लिहिते. आईने मला दम देऊन सांगितलंय की, जसं बोलली तसंच लिही, एक अक्षर इकडचं तिकडं करू नको. ऐक.

"ढब्बू, माजं काय बी झालं तरी यायाचं न्हाई. नऊ तारकेच्या आदी दारात दिसलीस तर तंगडं मोडीन. उंद्या म्या ऱ्हायले तर तूच ये, दहा तारकेला, सोताच्या पायानं, आन न्हाई ऱ्हायले तर रडायचं तितंच, पन होडी वळवायची न्हाई. ढब्बू, ऐकलंस का? तुजी आई बोलती हाय."

ढब्बू लिहिलंय, माऊ. दोनदा. या वेळी हाक खरी आहे.

येऊ नकोस.

ताई